पहिल्यांदाच रेकीला जातेय. तिथे नेमकं काय होतं?

खिडकीपाशी
जुने धागे चाळले, पण सगळीकडे 'ऊर्जा असते की नसते' यावरच हाणामारी. मला हवंय ते फार साधं आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय.

सात महिने झाले, डावा खांदा आखडलाय. फ्रोजन शोल्डर. डॉक्टर झाले, फिजिओ सुरू आहे (आळशीपणे, कबूल). रात्री कूस बदलली की कळ येते, जाग येते आणि मग पहाटेपर्यंत छत बघत पडायचं. नणंदेने वाढदिवसाला रेकीचं (अंगावर हात ठेवून ऊर्जा देतात म्हणे, ती जपानी पद्धत) एक सेशन भेट दिलंय. "वहिनी, तुला काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं," एवढीच माहिती तिच्याकडून मिळाली. शनिवारी जायचंय. विश्वास आहे का म्हणाल, तर नाही. पण 'नाही' असंही छातीठोक म्हणवत नाही.

प्रश्न असे: कपडे काढावे लागतात का? हात लावतात की लांबूनच? किती वेळ चालतं? मध्ये बोलायचं असतं का? आणि खरी भीती ही, की मला हसू येईल. गंभीर जागी मला हसू येतं, जुना आजार आहे.

ऊर्जा आहे का नाही हे इथे नको, प्लीज. (ऐकणार नाही आहात, माहीत आहे.)

कोपरखळी
रुमाल टाकून ठेवतोय. हाणामारी सुरू झाली की उठवा.

पानगळ
मी तीन वर्षं अधूनमधून जाते. पहिल्या वेळचं आठवून लिहिते.

कपडे काढत नाहीत. एकही नाही. चप्पल, चष्मा, पट्टा, हातात जाड कडं वगैरे असेल तर ते, बस्स. सैल कपडे घालून जा आणि भरल्या पोटी जाऊ नका, तासभर उताणं पडायचं असतं. मसाजला असतं तसं उंच टेबल, अंगावर पातळसं पांघरूण. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं विचारपूस: काय दुखतं, औषधं कुठली, झोप कशी, आणि हात लावलेला चालेल का. हा शेवटचा प्रश्न समोरून आला नाही तर तुम्हीच काढा. नको म्हटलं तर वीतभर वर हात धरून करतात, कोणी वाईट वाटून घेत नाही.

मग डोळ्यांपासून सुरुवात. डोळ्यांवर हात टेकत नाहीत, वर ओंजळीसारखे धरतात. मग कानशिलं, डोक्याच्या मागे, गळ्याजवळ, छातीच्या वरचा भाग, पोट, गुडघे, पावलं. प्रत्येक जागी तीन ते पाच मिनिटं हात नुसते ठेवलेले. चोळणं नाही, दाबणं नाही. मालिशची कल्पना डोक्यात ठेवून गेलात तर पहिली दहा मिनिटं 'आता सुरू करतील, मग सुरू करतील' यातच जातील. माझी गेली होती.

काय जाणवतं? मला ऊब, कधी मुंग्या, अंग जड झाल्यासारखं. पोटात गुडगुड होते, त्याची लाज वाटून घेऊ नका. झोप लागण्याच्या बेतात असताना पाय एकदम झटकला जातो, तोही आपला नेहमीचाच झटका असतो. माझ्या मावसबहिणीला काही म्हणजे काहीच जाणवलं नाही, ती मनातल्या मनात महिन्याचा हिशेब करत होती. आणि हसण्याचं म्हणाल तर मी पहिल्या वेळी रडले होते, तेही काही कारण नसताना. त्यांनी रुमाल पुढे केला आणि काही विचारलं नाही. त्या न विचारण्यासाठीच मी पुन्हा गेले, असं आता वाटतं.

संपल्यावर ताडकन उठू नका. कुशीवर वळा, मिनिटभर बसा, मग उतरा.

हाडवैर
फिजिओ आहे. ('आळशीपणे' हा शब्द वाचला. नोंद घेतली आहे.)

पानगळ यांनी चांगलं लिहिलंय, त्यात खांद्यापुरती भर. काही जण अर्धा वेळ पालथं झोपायला सांगतात, पाठीवर हात ठेवायचे असतात म्हणून. तुम्ही नाही म्हणा. आखडलेल्या खांद्यावर पालथं पडणं म्हणजे तासभराची शिक्षा. उताणं झोपतानाही डाव्या दंडाखाली उशी किंवा घडी घातलेलं पांघरूण मागून घ्या, दंड मागे लोंबकळला की कळ येते. झोपणं जमतच नसेल तर खुर्चीवर बसूनही हे सगळं होतं. आणि ऊर्जेच्या नावाखाली कोणी तुमचा हात धरून वर ओढायला लागलं तर तिथल्या तिथे थांबवा. ते वेगळंच काम आहे, ते शिकलेल्या माणसाने करायचं असतं.

आता थोडं नको असलेलं सांगतो. फ्रोजन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं आणि आवळतं. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग हळूहळू सुटण्याचा. सगळं मिळून साधारण एक ते तीन वर्षं. तुम्हाला सात महिने झालेत. म्हणजे येत्या काही महिन्यांत दुखणं बहुधा ओसरायला लागेल, तुम्ही रेकी घ्या, नाहीतर रोज खिडकीपाशी बसून कावळे मोजा. नेमक्या त्याच सुमाराला जे काही सुरू केलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. आम्हा फिजिओंनाही असं फुकटचं श्रेय पुष्कळ मिळतं, तक्रार नाही.

म्हणून एक करा. भिंतीसमोर उभ्या राहा, डाव्या हाताची बोटं भिंतीवरून चालवत वर न्या, थांबतील तिथे पेन्सिलीने खूण. शनिवारी निघण्याआधी एक, आल्यावर एक, आठवड्याने एक. बरं वाटणं वेगळं आणि हात वर जाणं वेगळं. दोन्ही हवंय, पण दोन्हीचा हिशेब वेगवेगळा ठेवा. (हाच तुमचा व्यायामही आहे. असा चोरून करून घेतोय.)

कोपरखळी
'कावळे मोजा' हे उपचारपद्धती म्हणून नोंदवून घ्यावं. रेकीसारख्याच तीन पातळ्या, शेवटी मास्टर.

आडवळण
रेकीचा अनुभव नाही, प्राणिक हीलिंग घेतलंय. लोक दोन्ही एकच समजतात म्हणून लिहितो. यात अंगाला हात लावतच नाहीत. खुर्चीवर बसायचं, तळवे वर, जीभ टाळूला लावून ठेवायची. समोरचा माणूस हाताने हवेत चाचपतो, त्याला स्कॅनिंग म्हणतात. मग वरून खाली झाडल्यासारखे हात आणि ते झाडलेलं बाजूच्या मिठाच्या पाण्याच्या भांड्यात झटकायचं. नंतर भरणं, म्हणजे एनर्जायझिंग. ही पद्धत चोआ कोक सुई यांनी फिलिपिन्समध्ये बसवली, १९८० च्या दशकात त्यांच्या पुस्तकामुळे पसरली. यांची मुख्य चक्रं अकरा आहेत, नेहमीची सात नाहीत.

माझं सेशन वीस-पंचवीस मिनिटांत आटपलं. त्या दिवशी आंघोळ करू नका म्हणाले. मी विसरून केली, काही झालं नाही. हसू मात्र मला खरंच आलं होतं, मिठाच्या पाण्यात झटकताना एक थेंब माझ्या चष्म्यावर उडाला तेव्हा.

ओंजळ
मी रेकीची दुसरी पातळी केली आहे. व्यवसाय करत नाही, घरच्यांना आणि मागितलं तर मैत्रिणींना देते. आतल्या बाजूने काय चाललेलं असतं ते लिहिते, म्हणजे तिथे पडल्या पडल्या कोडं पडणार नाही.

सुरुवातीला त्या बाई हात जोडून किंवा डोळे मिटून थोडा वेळ थांबतील. मंत्रतंत्र काही नाही, स्वतःला शांत करणं असतं. दुसरी पातळी झालेले लोक हवेत बोटाने चिन्हं काढतात, त्यांपैकी काही जपानी अक्षरांवरून आलेली आहेत. डोळे किलकिले करून बघितलंत तर वाटेल ही बाई माझ्यावर सही करतेय. मला माझ्या गुरूंबद्दल अगदी हेच वाटलं होतं.

हात कुठे जास्त वेळ थांबवायचा हे तळव्याला काय जाणवतं त्यावर ठरवतात. आम्ही शिकतो तेव्हा 'इथे गरम लागलं, इथे थंड, इथे टोचल्यासारखं' असं लक्ष ठेवायला शिकवतात. ते खरोखर काय असतं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण त्यावरून रोग सांगायला शिकवत नाहीत. मिकाओ उसुई यांनी १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवस उपास आणि ध्यान केल्यावर ही पद्धत सुरू केली असं परंपरा सांगते. त्यांच्या पाच वचनांची सुरुवात 'आजच्या दिवसापुरतं' अशी आहे: आजच्या दिवसापुरतं रागावू नकोस, काळजी करू नकोस... रोगाचं नाव सांगायचं काम त्यात कुठेही नाही. तेव्हा तुमच्या अमुक अवयवात अंधार आहे वगैरे कोणी म्हणालं तर ती रेकी नाही, त्या माणसाची स्वतःची भर आहे.

अवांतर: चक्रांचं बोलणंही तिथे निघेल. उसुईंच्या मूळ पद्धतीत चक्रं नव्हती, ती पश्चिमेत गेल्यावर जोडली गेली. आणि सात चक्रांना इंद्रधनुष्याचे सात रंग ही तर विसाव्या शतकातली तिकडचीच वाटणी, आपल्या जुन्या तंत्रग्रंथांतले रंग वेगळे आहेत. मूलाधार आपलं, जपानी हात आणि तिकडचा रंग. तक्ता मात्र 'प्राचीन' म्हणून टांगलेला असतो. मला गंमत वाटते.

साडेसात
धागाकर्तीने नको म्हटलंय, तरी एक लिहिणारच. तळव्याला जाणवतं म्हणताय ना? ते तपासून झालंय.

एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रयोगासाठी हे केलं. मधे पुठ्ठ्याचा पडदा, हीलरने त्यातून दोन्ही हात पलीकडे घालायचे, तळवे वर. ती नाणं उडवून ठरवायची डावा की उजवा, आणि त्या तळव्याच्या वर आठ-दहा सेंटिमीटरवर आपला हात धरायची. हीलरने सांगायचं, कुठल्या हाताजवळ आहे. एकवीस हीलर, २८० वेळा. बरोबर आलं १२३ वेळा, म्हणजे ४४ टक्के. नुसता अंदाज ठोकला असता तरी निम्मे बरोबर यायला हवेत. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. अगदी साधा प्रयोग आहे, तुमच्या जेवणाच्या टेबलावरही होईल.

ओंजळ
@साडेसात, तो प्रयोग थेरप्युटिक टचवर होता, रेकीवर नव्हे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या परिचारिकांमध्ये सुरू झालेली ती वेगळी पद्धत. पण ही पळवाट आहे हे मलाही कळतं. दावा तोच आहे, हाताला दुसऱ्याचं ऊर्जाक्षेत्र जाणवतं हा. मी घरी नवऱ्याबरोबर करून पाहिलं होतं. वीसपैकी अकरा. त्यानंतर मी 'जाणवलं' हा शब्द जरा जपून वापरते.

साडेसात
वीसपैकी अकरा स्वतःहून सांगणारी रेकीवाली पहिल्यांदाच भेटली. शस्त्र म्यान.

कोपरखळी
एवढ्यात? मी नुकताच उठलो होतो.

शंभर_शंका
जाणवण्याचं सोडा, उपयोगाचं बघा. नैराश्य आणि चिंतेसाठी रेकी चालते का यावर कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) आढावा आहे, २०१५ चा. निकषांत बसणारे अभ्यास तीनच मिळाले आणि त्यावरून काही ठरवता येत नाही असं त्यांनी लिहिलं.

पण मला जास्त रस दुसऱ्या एका अभ्यासात वाटतो. रेकीवर नाही तो, पण धाग्याला लागू आहे. २००८, ब्रिटिश मेडिकल जर्नल. पोटाच्या जुन्या तक्रारीचे (आयबीएस) २६२ रुग्ण, तीन गट. एक गट नुसता रांगेत थांबलेला. दुसऱ्याला खोट्या सुया, म्हणजे टोचल्यासारख्या वाटतात पण आत जात नाहीत अशा, आणि सुया लावणारा कामापुरतं बोलणारा. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, पण आधी पाऊण तास नीट विचारपूस, ऐकून घेणं, धीर देणं. पुरेसा आराम पडला म्हणणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२. सुई तीच, तीही खोटी. वाढला तो विचारपुशीचा भाग.

तेव्हा पानगळताईंना 'कोणी काही विचारलं नाही आणि रुमाल दिला' याने बरं वाटलं ते अगदी पटतं. मी याला थोतांड म्हणणार नाही. पण त्याला वैश्विक ऊर्जाही म्हणणार नाही. तासभर कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, फोन बाजूला ठेवलाय, आपण आडवे आहोत. गेल्या सहा महिन्यांत असा तास कोणाला मिळालाय, हात वर करा. (खिडकीपाशी, तुम्ही उजवा करा.)

पानगळ
हसले :)
बाकी तुम्ही त्याला काहीही म्हणा, मला तो तास हवा असतो.

मुकी_घंटा
इतका वेळ नुसती वाचत होते. लिहावं की नको असं चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं सेशन. ओळखीतून गेले होते. पाळी अनियमित, कामाचा ताण, एवढंच सांगितलं. हीलरने पोटावर हात ठेवले आणि बराच वेळ काढलेच नाहीत. नंतर उठवून बसवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गर्भाशयात गाठ आहे. जुना राग आहे तो. बाहेर काढावा लागेल. दहा सेशन्स." आणि वर, "आत्ता लगेच डॉक्टरांकडे जाऊ नका, ते कापायलाच सांगतील."

मी शिकलेली बाई आहे. घरी येऊन बारा दिवस कोणाला काही बोलले नाही. रात्री पोट चाचपत पडायचे. खरंच काहीतरी लागतंय असं वाटायला लागलं होतं. शेवटी बहिणीने ओढत सोनोग्राफीला नेलं. काहीही नव्हतं. थायरॉइड निघाला, एक गोळी सुरू आहे.

राग त्या माणसाचा कमी, माझाच जास्त आला. दहापैकी चार सेशन्सचे पैसे भरून आले होते मी. भीती घालून झाल्यावर तो इतका प्रेमाने बोलत होता की 'नाही' म्हणणं मला असभ्यपणाचं वाटलं.

खिडकीपाशी, जायचं असेल तर जा. पण त्या दिवशी पुढचं काही ठरवू नका. 'घरी विचारून सांगते' हे वाक्य पाठ करून जा. टेबलावरून उठल्यावर अर्धा तास माणूस मऊ झालेला असतो, आणि नेमकं तेव्हाच पॅकेज पुढे सरकवतात.

हाडवैर
मुकी_घंटा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

त्याला जोडून: औषध बंद करा, कमी करा, डॉक्टरांना सांगू नका, यातलं एक जरी ऐकू आलं तर चपला घालायच्या. चर्चा नाही. आणि सेशननंतर दुखणं वाढलं तर 'विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे' असं म्हणणारे भेटतात. बरं वाटलं तर उपचारामुळे, वाईट वाटलं तरी उपचारामुळेच, म्हणजे हरण्याची सोयच ठेवलेली नाही. ताप, छातीत दुखणं, हातापायातली ताकद जाणं, याला उपचारांचा परिणाम समजून घरी बसू नका.

शंभर_शंका
+१. कॅन्सरबाबतीत २०१८ चा एक अभ्यास आहे. नेहमीचे उपचार घेताना सोबत पूरक उपचार घेणाऱ्या २५८ रुग्णांची तुलना तसे न घेणाऱ्या १०३२ जणांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका दुप्पट. पण खोलात गेल्यावर दिसलं की पहिल्या गटात शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांपैकी काहीतरी नाकारणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. तो भाग हिशेबात धरला की ठळक फरक उरत नाही. म्हणजे धोका पूरक उपचार घेतल्याने नव्हे, दुसरं सोडून दिल्याने वाढलेला दिसतो.

खिडकीपाशी
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी. उद्या शनिवार. पेन्सिलीची पहिली खूण केली आहे. नवरा म्हणाला, भिंतीवर? मी म्हटलं, फिजिओने सांगितलंय. गप्प बसला. फिजिओच्या नावाने घरात काहीही खपतं हे आधी कळलं असतं तर.

आडवळण
सोमवारी वृत्तांत हवा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खिडकीपाशी
झालं. लिहिते.

बाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. खोली साधी. भिंतीवर रंगीत चक्रांचा तक्ता होता, ओंजळ, तुमची आठवण झाली आणि तिथेच पहिलं हसू गिळलं. विचारपूस झाली. औषधं विचारली, लिहून घेतली, बंद करा वगैरे काही म्हणाल्या नाहीत. हात लावलेला चालेल का हे त्यांनीच विचारलं. दंडाखाली उशी मी मागितली, तर एक नाही, दोन मिळाल्या.

सगळ्यांनी ऊब-ऊब म्हटलं होतं. बाईंचे हात गार! कानशिलांवर ठेवले तेव्हा मी दचकलेच. त्या म्हणाल्या, "थांबा, होतील गरम." झाले थोड्या वेळाने, पण ती माझीच ऊब असावी, मी इतकी तापले होते अवघडून.

पहिला पाव तास डोकं गप्प बसेना. बाहेर कोणीतरी बादली सरकवत होतं. गॅस बंद केला का, उजवी चप्पल नीट ठेवली का, असं काय काय. मग पोट गुडगुडलं. मोठ्याने. माझं नाही, त्यांचं. त्यांचे हात तेव्हा माझ्या डोक्याखाली, चेहरा माझ्या वर, आणि एकदम तो आवाज. मी ओठ दाबले, खांदे हलायला लागले (डावा दुखला), आणि फुटलेच. त्याही हसल्या. "सकाळपासून चौथ्या तुम्ही," म्हणाल्या. त्यानंतर मात्र कसं कोण जाणे, सगळं सैल पडलं.

खांद्यावर हात खूप वेळ होते. आणि एक विचित्र झालं. हात खांद्यावरच आहेत असं मला पक्कं वाटत होतं, आणि तेवढ्यात पावलांना स्पर्श झाला. दोन माणसं आहेत की काय म्हणून डोळे उघडले. बाई पायाशी. खांद्यावर काही नाही. पण तिथलं वजन बराच वेळ तसंच राहिलं. दागिना काढून ठेवल्यावरही थोडा वेळ अंगावर असल्यासारखा वाटतो, तसं.

मग झोपले. घोरले असं कळलं.

उठल्यावर त्या म्हणाल्या, "खांद्यात बरीच ऊर्जा अडकलीय, चार सेशन्स लागतील." मी विचारलं, चारच कशावरून? थोडं थांबून म्हणाल्या, "सगळ्यांना चारच सांगते. पहिल्यानंतर कोणी येत नाही, चारनंतर ज्याचं त्याला कळतं." मला त्या आवडल्या. तरी 'घरी विचारून सांगते' म्हटलं, मुकी_घंटा.

आता हिशेब. त्या रात्री सलग पाच तास झोपले, सात महिन्यांत पहिल्यांदा. रविवारी चार. सोमवारी पुन्हा छत. पेन्सिलीची खूण जाण्याआधी आणि आल्यावर तंतोतंत एकाच जागी. तीन वेळा करून बघितलं, नणंद समोर उभी होती म्हणून बोटं ताणूनही बघितली. तसूभर फरक नाही.

रडले नाही. पण घरी येताना रिकामं रिकामं वाटत होतं, वाईट अर्थाने नव्हे. पाहुणे गेल्यावर घर वाटतं तसं.

हाडवैर
खूण तिथेच हे अपेक्षित होतं. पाच तास झोप ही मात्र छोटी गोष्ट नाही. झोप झाली की दुखणं जरा कमी बोचतं आणि व्यायाम करावासा वाटतो. रोज दोनदा बोटं भिंतीवर चालवा. आता चोरून नाही, उघड सांगतोय.

मुकी_घंटा
'सगळ्यांना चारच सांगते'... माझ्यावाला एवढं खरं बोलला असता तर मी आजही जात असते.

साडेसात
हात नसताना हात जाणवला, हा या धाग्यावरचा सर्वात महत्त्वाचा पुरावा आहे. कुठल्या बाजूचा ते सांगत नाही.

ओंजळ
गार हातांचं वाचून बरं वाटलं. माझेही गार असतात. आधी कोमट पाण्यात बुडवून घेते, कोणाला सांगू नका.

खिडकीपाशी
धागा वर काढतेय, सव्वा महिना झाला म्हणून.

दुसरं सेशन घेतलं, स्वतःच्या पैशाने. तिसऱ्याचं ठरवलं नाही. भिंतीवरचा व्यायाम रोज, बहुतेक वेळा दोनदा. काल खूण केली, पहिल्या खुणेपेक्षा चार बोटं वर. रात्री कूस बदलता येते, हळू.

नणंद म्हणते रेकी. माझी फिजिओ म्हणते व्यायाम. हाडवैर यांच्या मते कावळे. नवरा विचारतोय भिंत कधी रंगवायची.

हाडवैर
चार बोटं? वा! पट्टीने किती होतात?

खिडकीपाशी
पट्टी शोधायला वरच्या फळीपर्यंत हात पोचायला हवा. अजून दोन बोटं थांबा.